फाटकाबाहेरची नव्वद वर्षं

कोलकात्याला लागून असलेल्या राजारहाटच्या भातखाचरांवर न्यू टाउन उभं राहू लागलं ते १९९९ मध्ये हिडको हे सरकारी विकास महामंडळ स्थापन झाल्यानंतर. २०११ साली इथं टाटा मेडिकल सेंटर हे कर्करोगाचं रुग्णालय सुरू झालं. तिथं रुग्णाच्या मनाकडे पाहणारे तज्ज्ञही आहेत. कर्करोगाच्या माणसाची झोप उडते, अन्नावरची वासना जाते, उपचार नकोसे होतात. यातलं किती आजाराचं, किती औषधांचं आणि किती डिप्रेशनचं, हे पाहणारं कोणीतरी त्याच इमारतीत असतं. त्यासाठी वेगळी पायरी चढावी लागत नाही. आपल्याकडच्या डिप्रेशनच्या उपचारांचा मागोवा घेतला, तर माझ्या मते हीच गोष्ट पुन्हा पुन्हा समोर येते. तज्ज्ञांची संख्या किती होती यापेक्षा मदत वेड्यांच्या इस्पितळाच्या फाटकाबाहेर कधी पडली, यावर उपचार मिळणं जास्त अवलंबून होतं.

याची सुरुवात कोलकात्यातच झाली. गिरींद्रशेखर बोस यांनी १९३३ साली कारमायकल मेडिकल कॉलेजमध्ये, म्हणजे आजच्या आर. जी. कर रुग्णालयात, मनोविकारांची ओपीडी सुरू केली. सर्वसाधारण रुग्णालयातली देशातली ही पहिली. मुंबईत जे. जे. रुग्णालयात डॉ. मसानींनी १९३८ मध्ये तेच केलं. तेव्हा १९१२चा ल्युनसी कायदा लागू होता आणि मनाचा आजार म्हटला की डोळ्यांसमोर ठाणं, येरवडा, रत्नागिरी इथली वेड्यांची इस्पितळं यायची. तापाच्या आणि खोकल्याच्या रुग्णांबरोबर एकाच दारातून आत शिरण्याची मुभा हा त्या काळात उपचाराचाच अर्धा भाग होता. पण पुढं ही वाट फार रुंदावली नाही. मानसिक आरोग्य प्राथमिक आरोग्य केंद्रांपर्यंत न्यायचं, असं राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रमानं १९८२ मध्येच ठरवलं होतं. तरी २०१५-१६च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य पाहणीत डिप्रेशन असलेल्या शंभरांतले सुमारे ८५ जण उपचारांबाहेर आढळले. पाहणीतल्या १२ राज्यांत पश्चिम बंगाल होता, महाराष्ट्र नव्हता; पण आपलं चित्र फार वेगळं निघालं असतं, असं मानायला मला तरी आधार दिसत नाही.

यावर पहिला आक्षेप नेहमीचा: दुःखाला आजार कशाला म्हणायचं? कर्ज आहे, मुलं परदेशी आहेत, नोकरी डळमळीत आहे, माणूस खचणारच. खरं आहे, आणि म्हणूनच डॉक्टर एका वाईट दिवसावर निदान करत नाहीत. पीएचक्यू-९ नावाची साधी प्रश्नावली पाहावी. नऊ प्रश्न, सगळे गेल्या दोन आठवड्यांबद्दलचे: कशात रस वाटत नाही का, झोप कशी आहे, थकवा, भूक, स्वतःबद्दल अपराधी वाटणं, लक्ष न लागणं, मरणाचे विचार. ‘अजिबात नाही’ला शून्य, ‘जवळजवळ रोज’ला तीन. कारण काय आहे, हे ती विचारतच नाही. समुपदेशनानं कर्ज फिटत नाही, हे कबूलच. पण अंथरुणातून उठणंच जमत नसेल, तर बँकेत जाऊन हप्ते बदलून घेणंही जमत नाही. अशा माणसाला ‘मन रमव कशात तरी’ म्हणणं म्हणजे मोडक्या पायाच्या माणसाला फिरून ये म्हणण्यासारखं आहे.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. सायकिअॅट्रिस्ट मूठभर, मग गावागावांत नवशिक्या समुपदेशकांच्या हाती हे द्यायचं का? याचं उत्तर गोव्यानं दिलं. प्राथमिक आरोग्य केंद्रांत तीव्र डिप्रेशनच्या रुग्णांना प्रशिक्षित पण बिगर-तज्ज्ञ समुपदेशकांनी सहा ते आठ बैठका दिल्या. सोडून दिलेली कामं छोट्या छोट्या टप्प्यांनी पुन्हा सुरू करून द्यायची, हे त्यांचं सूत्र. २०१७ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या निष्कर्षांनुसार तीन महिन्यांनी त्यांतले ६४ टक्के डिप्रेशनमधून बाहेर आले होते, नेहमीच्या उपचारांवर असलेल्यांत हे प्रमाण ३९ टक्के होतं. अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत ‘विश्राम’ प्रकल्पानं गावातल्याच कार्यकर्त्यांना शिकवलं, तेव्हा दीड वर्षात मदत घेणाऱ्या डिप्रेशनग्रस्तांचं प्रमाण ४.३ वरून २७.२ टक्क्यांवर गेलं. तिथं तुलनेसाठी दुसरी गावं नव्हती, त्यामुळे सगळं श्रेय प्रकल्पालाच द्यायला मी कचरेन. पण शेतकरी आत्महत्यांनी पोळलेल्या भागात लोक समुपदेशन घेणारच नाहीत, हे म्हणणं टिकत नाही.

माझ्या युक्तिवादाला अडचणीचा ठरणारा पुरावाही गोव्याचाच आहे. तिथल्याच आधीच्या ‘मानस’ अभ्यासात ही पद्धत सरकारी केंद्रांत उपयोगी ठरली, खासगी फॅमिली डॉक्टरांकडे मात्र नेहमीच्या उपचारांपेक्षा फरक पडला नाही. म्हणजे जवळ असणं पुरेसं नाही. आधी तिथं काय मिळत होतं, यावरही बरंच ठरतं. शिवाय आत्महत्येचे विचार, भ्रम किंवा मधूनच उसळणारा अतिउत्साह असेल, तर तज्ज्ञ डॉक्टरला पर्याय नाही. गोळ्यांबद्दलही एक सांगायला हवं: त्यांचा गुण दिसायला दोन ते चार आठवडे लागतात आणि पुष्कळ लोक त्याआधीच ‘सवय लागेल’ म्हणून त्या सोडतात. या औषधांची दारूसारखी चटक लागत नाही. बंद करताना मात्र डॉक्टरच्या सल्ल्यानं हळूहळू उतरवावी लागतात.

न्यू टाउनपुरतं बोलायचं, तर इथली खरी अडचण अंतराची नाही, भिडेची आहे. आयटी कंपनीनं समुपदेशनाचा नंबर दिला, तरी बोललेलं एचआरपर्यंत जाईल, ही धास्ती असतेच. २०१७च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याच्या २३व्या कलमानं रुग्णाची माहिती गुप्त ठेवणं उपचार करणाऱ्यांवर बंधनकारक केलं, २१व्या कलमानं विम्यात शारीरिक आजारांची बरोबरी दिली. तरीही ज्याला कंपनीचा भरवसा वाटत नाही, त्यानं कंपनीला वळसा घालून सरकारी रुग्णालयाची ओपीडी गाठावी किंवा १४४१६ हा टेली-मानस या सरकारी हेल्पलाइनचा नंबर लावावा. ऑक्टोबर २०२२ पासून तो चालू आहे, बंगालीतही आणि मराठीतही.