घंटा कोण वाजवणार?

दोस्तांनो, शाळेत सगळ्यांवर हुकूम कोण चालवतं, सांगा पाहू? मुख्याध्यापक? छे! घंटा! ती वाजली की तास सुरू, वाजली की डबा उघडा, वाजली की घरी पळा. आपण काही ठरवायचंच नाही.

पण घरी बसून कॉलेज शिकणाऱ्या एखाद्या ताईला किंवा दादाला विचारा. त्यांच्याकडे घंटाच नाही! घरून पदवी घेणं तसं जुनंच. नाशिकचं यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ सालचं. पुढे व्याख्यानंही पडद्यावर आली. २०१७ मध्ये केंद्र सरकारचं ‘स्वयम्’ सुरू झालं. २०२० मध्ये आयआयटी मद्रासने डेटा सायन्सचा ऑनलाइन पदवी अभ्यासक्रम जाहीर केला. व्हिडिओ घरी बघायचे, दर आठवड्याला स्वाध्याय द्यायचे, परीक्षेला मात्र केंद्रावर जायचं. मधल्या दिवसांत ‘आज बसलास का अभ्यासाला?’ असं विचारायला कुणी नाही.

आणि त्याच पडद्यावर गेमही असतो, बरं का! त्याची घंटा सारखी वाजत असते. रशियाच्या अलेक्सी पाजित्नोव यांनी १९८० च्या दशकात बनवलेला ‘टेट्रिस’ घ्या. ओळ भरली की गायब, गुण जमा. चुकलात तर तेही लगेच दिसतं. अभ्यासाचा निकाल चार महिन्यांनी, गेमचा चार सेकंदांनी! मग मन कुठे धावणार? म्हणजे दादा आळशी आहे असं नव्हे. गेम बनवणाऱ्यांनी घंटा हुशारीने बसवली आहे, एवढंच.

मग उपाय काय? आपली घंटा आपणच बसवायची. फ्रान्चेस्को चिरिलो या इटलीतल्या विद्यार्थ्याचं १९८० च्या दशकात अभ्यासात लक्षच लागेना. त्याने स्वयंपाकघरातलं टोमॅटोच्या आकाराचं टायमर घेतलं आणि ते वाजेपर्यंत फक्त अभ्यास करायचा, असं ठरवलं. त्यातून पद्धतच तयार झाली. २५ मिनिटं अभ्यास, ५ मिनिटं सुट्टी. चार फेऱ्या झाल्या की मोठी सुट्टी. इटालियनमध्ये टोमॅटोला ‘पोमोदोरो’ म्हणतात, तेच नाव या पद्धतीला मिळालं. त्या ५ मिनिटांत गेम मात्र नको हं! तो ५ मिनिटांत कुठला संपायला? पाणी प्या, गच्चीवर एक चक्कर मारा.

दुसरी गोष्ट. व्हिडिओ संपला म्हणजे अभ्यास झाला, असं नाही. अमेरिकेतल्या रोडिगर आणि कार्पिक या दोघा संशोधकांनी २००६ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. काही विद्यार्थ्यांनी उतारा पुन्हा पुन्हा वाचला. काहींनी तो एकदा वाचून, मग न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी वाचणारे पुढे होते. आठवड्याने मात्र आठवून लिहिणारे पुढे गेले! म्हणून व्हिडिओ संपला की वही मिटा आणि आठवेल ते लिहा. गेममध्ये हरलेली लेव्हल आपण पुन्हा खेळतो ना? तसंच हे.

आता आई-बाबांसाठी दोन शब्द. इतरांबरोबर चाललेली ऑनलाइन मॅच मधेच थांबवता येत नाही. सोडली तर जोडीदारांचाही खेळ बिघडतो. तेव्हा एकदम ‘बंद कर!’ म्हणण्याऐवजी ‘किती मिनिटं राहिली?’ असं विचारून बघा. आणि मुलांनो, तुम्ही खरं उत्तर द्या! पानं वाढायच्या दहा मिनिटं आधी नवी मॅच सुरूच करू नका.

गेम खेळणं हा काही आजार नव्हे. पण झोप, अभ्यास, मित्र सगळं मागे पडतंय आणि तरीही महिनोन् महिने थांबताच येत नाही, असं होत असेल तर? जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये अशा अवस्थेला आजारांच्या यादीत जागा दिली. म्हणजे ही लपवण्याची गोष्ट नाही. घरच्यांशी बोला, डॉक्टरांना भेटा.

तुमच्या शाळेत अजून घंटा वाजते आहे. पण एक दिवस ती थांबणारच! तेव्हा सवय आत्ताच लावा. येत्या रविवारी, शाळेला सुट्टी असताना, स्वतःची घंटा लावून फक्त २५ मिनिटं बसून बघा.

मग, वाजवणार ना?