स्वराचा सांधा
सॅम्पलर हे यंत्र स्वराचा छोटा तुकडा साठवून तोच पुनःपुन्हा फिरवते. मग सांध्यापाशी ‘टक्’ का वाजते? तुकड्याच्या शेवटी लहर वर, आरंभी खाली असली की ध्वनी तिथे उडी घेतो. तेव्हा लहर शून्यरेषा वर चढताना ओलांडते, तिथेच दोन्ही टोके कापावीत.

आता लांबी पाहा. १९८८ चा अकाई एस १००० सेकंदाला ४४,१०० नमुने घेऊ शकतो. सेकंदाला ४४० कंपने असलेल्या स्वराचे एक कंपन १०० नमुन्यांहून किंचित मोठे. नेमके १०० फिरवले, तर स्वर ४४१ वर चढतो. तंबोऱ्याला सरावलेल्या कानाला हे खटकेलच. त्याऐवजी ४४ कंपने घ्या; बरोबर ४,४१० नमुने! मात्र मुद्रणातच आवाज फाटला असेल, तर कसलाही सांधा कामाचा नाही.