लाल धड, काळे धड
कढीपत्त्याच्या झाडाभोवती काळ्या पंखांचे, मागच्या पंखांवर पांढरे डाग आणि लाल चंद्रकोरी असलेले फुलपाखरू घिरट्या घालते. पाहणारा लगेच ‘कॉमन रोझ’ म्हणून मोकळा होतो. पण रोझला कढीपत्त्याशी काय देणेघेणे? तिचे सुरवंट सापसंदीच्या वेलीवर वाढतात आणि त्या वेलीचे विष अंगात भिनवून घेतात. म्हणून पक्षी तिच्या वाटेला जात नाहीत. कढीपत्त्यावर अंडी घालायला आलेली असते ती कॉमन मॉरमॉनची मादी. स्वतः बिनविषारी, पण वेश विषारीचा.

या मादीची तीन रूपे आहेत. एक नरासारखे, दुसरे कॉमन रोझसारखे, तिसरे क्रिमसन रोझसारखे. ही सारी एकाच जातीची, हे निसर्गशास्त्रज्ञ आल्फ्रेड वॉलेसने 1865 च्या निबंधात मांडले. या सोंगाची किल्ली ‘डबलसेक्स’ नावाच्या एकाच जनुकात आहे, हे जीवशास्त्रज्ञ कृष्णमेघ कुंटे आणि सहकाऱ्यांनी 2014 मध्ये दाखवले. छायाचित्रकाराला मात्र जनुक लागत नाही. धड पाहायचे. रोझचे लाल, मॉरमॉनचे काळे. गंमत अशी, की पंख पसरलेल्या ‘सुंदर’ फोटोत धडच बहुधा अंधारात बुडालेले असते. त्यात मॉरमॉन मध पितानाही पंख फडफडवत राहते. शटर सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या आसपास ठेवले नाही तर हाती नुसता धूसर पट्टा येतो.

म्हणून ओळखीसाठीचा फोटो हा पंचनामा समजावा. पंखांची वरची बाजू, खालची बाजू, धड, पाय, शिवाय ते ज्यावर बसले ते झाड. बंद पंखांसमोर कॅमेरा समांतर धरला, की कडेपर्यंत सगळे ठिपके स्पष्ट येतात. कॉमन क्रो आणि तिची नक्कल करणारे कॉमन माइम यांत पाय मोजले तरी भागते: क्रोचे पुढचे दोन पाय आखूड, त्यामुळे चारच दिसतात, माइमचे सहाही दिसतात. रुईवर वाढणारा प्लेन टायगर आणि डॅनॅइड एगफ्लायची मादी यांत मागच्या पंखाचा मध्य पाहावा. टायगरला तिथे तीन-चार काळे ठिपके असतात.

गवतावरच्या पिवळ्या फुलपाखरांचा प्रश्न मात्र चिवट. पुढच्या पंखाच्या खालच्या बाजूला, मुळाजवळ, कॉमन ग्रास यलोला सहसा दोन खुणा, थ्री-स्पॉट ग्रास यलोला तीन. मागचा पंख वर सरकला, की त्या झाकल्या जातात. शिवाय पावसाळ्यातले आणि उन्हाळ्यातले रूप वेगळे.

स्किपर गटातली काही फुलपाखरे तर कितीही चांगल्या छायाचित्रावरून ठरत नाहीत. त्यांची जननांगे सूक्ष्मदर्शकाखालीच तपासावी लागतात. अशा वेळी नोंदीत फक्त प्रजातीचे (जीनसचे) नाव लिहा आणि थांबा. घाईने लिहिलेल्या जातीच्या नावापेक्षा ती अपुरी नोंद अभ्यासकाच्या जास्त उपयोगाची असते.