लाजेवर चालणारी लूट

जून 2016 मध्ये केंद्र सरकारने एस्कॉर्ट सेवांच्या 240 संकेतस्थळांवर बंदी घातली. त्याच वर्षी यूपीआय आले, जिओचा स्वस्त डेटा आला. बंद झालेल्या पानांच्या जागी दुसरी उगवली आणि अनोळखी माणसाला क्षणात पैसे पाठवण्याची सोय हातोहात पोचली.

याच काळात नागपूरच्या दक्षिणेला बेसा झपाट्याने वाढले. शेतांच्या जागी फ्लॅट स्कीम आल्या; वर्धा रोड, मिहान प्रकल्प जवळ म्हणून एकटी राहणारी नोकरदार मुले आली. एस्कॉर्ट सेवांच्या जाहिरातदारांनी अशा गावांची, वस्त्यांची नावे घालून साच्यातली पाने काढली. मजकूर तोच, फक्त ठिकाण बदललेले. फोटो तर कुण्या तिसऱ्याच मुलीच्या इन्स्टाग्रामवरून चोरलेले. तिची बदनामी आपण मोजतच नाही, याची मला फार चीड येते.

ऑगस्ट 2021 मध्ये पोलिसांनी नागपूरची देहविक्रयाची गंगा-जमुना वस्ती सील केली. मोबाइलवरच्या या बाजाराला सील ठोकावे असे दारच नव्हते.

लुटीची रीत आता ठरून गेली आहे. आधी थोडे ‘बुकिंग’, मग परत मिळणारे म्हणून ‘सिक्युरिटी डिपॉझिट’, मग हॉटेलचा ‘गेट पास’. ओळख पटवायला आधारचा फोटो मागतात. यूपीआयवर खरे नाव दिसतेच. त्यावरून फेसबुक, तिथून बहीण, मेहुणा, ऑफिस. पैसे थांबले की धमकी सुरू होते. कधी व्हिडिओ कॉल रेकॉर्ड केलेला असतो, कधी पलीकडचा माणूस स्वतःला पोलीस अधिकारी म्हणवतो. 2022 मध्ये पुण्यात अशाच छळाने तरुणांनी जीव दिला. तपास राजस्थानातल्या अलवर जिल्ह्यापर्यंत गेला. रक्कम काही हजारांची होती. मारले ते लाजेने.

त्याच वर्षी मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने बुद्धदेव करमासकर प्रकरणात सांगितले, की स्वेच्छेने देहविक्रय करणाऱ्या सज्ञान स्त्रीलाही सन्मानाने जगण्याचा हक्क आहे आणि माध्यमांनी तिची ओळख उघड करू नये. दलाली आणि कुंटणखाना चालवणे मात्र गुन्हाच आहे. त्या बाजारात जबरदस्तीने आणलेल्या मुलीही असतात, हे फोन लावणाऱ्याने विसरू नये.

आगाऊ पैसे मागणारा नंबर खोटाच समजा. आधार, ऑफिसचे नाव, घराचा पत्ता, चेहऱ्याचा व्हिडिओ कुणालाही देऊ नका. यूपीआयवर पैसे स्वीकारायला पिन लागत नाही. पिन टाकला की पैसे जातात. धमकी आली तर एक रुपयाही पाठवू नका, कारण पहिल्या रकमेनंतर दुसरी मागणी येतेच. चॅट पुसू नका, स्क्रीनशॉट ठेवा, घरातल्या एका माणसाला सांगा. आणि लगेच 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा. जितका लवकर, तितकी रक्कम गोठवण्याची शक्यता जास्त. खंडणी मागणाऱ्याविरुद्ध तक्रार करण्याचा हक्क तुम्हाला आहे. तो वापरा.