कुजबूज आणि झोंप

न्हाव्याच्या दुकानांत कानाजवळ कात्रीची लयबद्ध कचकच चालू असतां कित्येकांचे डोळे आपोआप मिटूं लागतात. ग्रंथालयांत शेजारीं कोणी जुन्या पुस्तकाचीं पानें सावकाश उलटीत असलें, किंवा डोळे तपासतांना डॉक्टरांनीं हलक्या आवाजांत "आतां इकडे पहा" असें म्हटलें, तर कांहीं माणसांच्या डोक्याच्या कातडीवर एक गोड शिरशिरी उठते. ती मानेवरून पाठीच्या कण्याकडे उतरते, आणि मन निवळूं लागतें. ज्यास हा अनुभव येतो त्यास तो बहुधा लहानपणापासून ओळखीचा असतो. ज्यास येत नाहीं त्यास त्याचें वर्णन म्हणजे निव्वळ कल्पनाविलास वाटतो. दोघेही आपापल्या परीनें खरेंच बोलत असतात, आणि या विषयांतील बहुतेक गैरसमजांचें मूळ यांतच आहे.

अनुभव जुना असला तरी त्यास फार दिवस नांव नव्हतें. व्हर्जिनिया वुल्फ या इंग्रज लेखिकेच्या १९२५ सालीं प्रसिद्ध झालेल्या 'मिसेस डॅलोवे' या कादंबरींत, मुलें सांभाळणाऱ्या एका बाईचा आवाज कानीं पडतांच सेप्टिमस नांवाच्या पात्राच्या कण्यांतून सुखद लहर चढत जाते, असा प्रसंग आहे. पुढें २०१० सालीं जेनिफर अॅलन या अमेरिकन बाईंनीं या अनुभवास 'ऑटॉनॉमस सेन्सरी मेरिडियन रिस्पॉन्स' असें नांव सुचविलें; त्याचेंच संक्षिप्त रूप ए. एस्. एम्. आर्. नांवास शास्त्रीय डौल असला तरी तें कोणा प्रयोगशाळेनें दिलेलें नाहीं. हा अनुभव घेणाऱ्या सामान्य माणसांनींच तें रूढ केलें. शास्त्रज्ञ या वाटेला लागले ते त्यानंतर.

ही शिरशिरी उठते तरी कशानें? वेल्समधील स्वान्सी विद्यापीठाच्या एमा बॅरट व निक डेव्हिस यांनीं असा अनुभव येणाऱ्या ४७५ व्यक्तींस प्रश्न विचारून २०१५ सालीं आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यांत शेंकडा ७५ जणांनीं कुजबूज, ६९ जणांनीं कोणीतरी आपल्याकडे जातीनें लक्ष देत असल्याचा भास, ६४ जणांनीं कुरकुरीत स्पष्ट ध्वनि, तर ५३ जणांनीं संथ हालचाल हें कारण सांगितलें. शेंकडा ९८ जण विसाव्यासाठीं, ८२ जण झोंपेसाठीं आणि ७० जण मनावरील ताण उतरविण्यासाठीं हे ध्वनि ऐकत होते. अर्थात् हे सर्व आधींपासून या अनुभवाचे भोक्ते होते. सर्व जनतेस हे आंकडे लावतां येणार नाहींत.

या यादींत गोंगाट, घाई किंवा दचकविणारें कांहींच नाहीं, हें ध्यानांत घेण्याजोगें आहे. बॉब रॉस नांवाचे अमेरिकन चित्रकार १९८३ ते १९९४ या काळांत टेलिव्हिजनवर निसर्गचित्रें काढून दाखवीत. त्यांचा हेतु चित्रकला शिकविण्याचा. परंतु त्यांचा मृदु स्वर आणि कॅन्व्हासवर फिरणाऱ्या कुंचल्याची खसखस ऐकून शिरशिरी अनुभवणारे व झोंपीं जाणारेही पुष्कळ निघाले. राजस्थानांतील पुष्कर येथील एका न्हाव्याच्या डोकें चोळण्याच्या चित्रफिती याच कारणानें जगभर पाहिल्या गेल्या.

मग हें सारें मनाचेच खेळ आहेत काय? इंग्लंडमधील शेफील्ड विद्यापीठाच्या ज्युलिया पोएरिओ व त्यांच्या सहकाऱ्यांनीं २०१८ सालीं प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत अशा चित्रफिती पाहतांना शिरशिरी अनुभवणाऱ्यांचे हृदयाचे ठोके सरासरीनें मिनिटास सुमारें ३ नीं उतरले. अनुभव न येणाऱ्यांत एवढी उतार दिसली नाहीं. गंमत अशी, कीं त्याच वेळीं त्यांच्या त्वचेची विद्युद्वाहकता वाढली, आणि हें उत्तेजनाचें लक्षण आहे. तेव्हां ही केवळ गुंगी नव्हे. शांति आणि पुलक यांचा तो संगम आहे. त्याच वर्षीं प्रसिद्ध झालेल्या मेंदूच्या एका चित्रणांत शिरशिरीच्या क्षणीं सुखसंवेदनेशीं निगडित असलेले भाग जागृत झालेले दिसले. मात्र त्यांत तपासलेल्या व्यक्ति अवघ्या १० होत्या. आपलें माणूस जवळ बसून केंसांतून बोटें फिरवितें तेव्हां शरीरास जी निर्धास्तता लाभते, तीच या ध्वनींनीं जागी होत असावी, असा अभ्यासकांचा तर्क आहे. तो अद्याप तर्कच आहे.

झोंपेसाठीं याचा उपयोग करूं इच्छिणाऱ्यानें प्रथम आपल्याला कोणता ध्वनि मानवतो हें दिवसा पारखून घ्यावें. रात्रीं अंथरुणांत पडून एकामागून एक चित्रफिती धुंडाळणें म्हणजे झोंपेला बोलावून दार लावून घेणें होय. निवडलेली एकच फीत लावावी, यंत्राचा प्रकाश विझवावा, आणि अर्ध्या तासानें ती आपोआप थांबेल अशी योजना करावी. आवाज जेमतेम ऐकूं येण्याइतका असावा. कुजबुजींत स्वरतंतूंचें कंपन नसल्यामुळें ती मुळांतच क्षीण असते, आणि ती ऐकण्यासाठीं आवाज वाढविला तर मध्येंच लागणारी जाहिरात कानांवर आदळते.

एकाग्रतेसाठीं हा उपाय अधिक बेतानें वापरावा. वाचतांना कानांत अर्थपूर्ण शब्द पडत राहिले तर ते वाचलेल्या शब्दांशीं झगडतात. म्हणून कुजबुजीपेक्षां पावसाची रिपरिप किंवा कागदावर चालणाऱ्या लेखणीची खरखर बरी. शिवाय शिरशिरी हेंच एक आकर्षण असल्यानें ती उठली कीं चित्त पुस्तकावरून तिच्याकडे वळण्याचा संभव असतो. कामापूर्वीं दहा मिनिटें ऐकून मन स्थिर करणें, हा मार्ग त्यामानानें सोपा.

एकाच घरांत दोन प्रकृति नांदतात, हेंही विसरतां कामा नये. ज्या मिटक्यांच्या किंवा टकटकीच्या आवाजानें एकास सुख होतें, त्यानेंच दुसऱ्याच्या अंगाचा तिळपापड होऊं शकतो. कांहीं जणांत ही चीड इतकी तीव्र असते कीं तीस 'मिसोफोनिया' असें वेगळें नांव आहे. अशा माणसास हट्टी म्हणूं नये, आणि ज्यास कांहींच जाणवत नाहीं त्यासही अरसिक ठरवूं नये.

याहून महत्त्वाची गोष्ट अशी, कीं हें औषध नव्हे. महिनेच्या महिने झोंप लागत नसेल, अथवा घोरतां घोरतां श्वास अडकत असेल, तर रात्रीं कुजबूज ऐकत दिवस काढणें म्हणजे दुखणें झांकून ठेवणें होय. दीर्घकाळच्या निद्रानाशावर विचार व संवयी सुधारणारी मानसोपचारपद्धति प्रथम योजावी, अशी शिफारस अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्स या डॉक्टरांच्या संस्थेनें २०१६ सालीं केली आहे. दिवसभराच्या धांवपळीनें शिणलेल्या, बाकी निरोगी मनुष्यास मात्र ही मंद कुजबूज रात्रीची थोडी सोबत करूं शकते. आणि घरांत तेल लावून डोक्यावरून हात फिरविणारें कोणी असेल, तर त्या हाताला यंत्राची गरज लागत नाहीं.