गुडघ्याची शिवण : धातूचा हिशेब झाला, धाग्याचा राहिला

१६ ऑगस्ट २०१७ रोजी राष्ट्रीय औषध मूल्य प्राधिकरणाने गुडघ्याच्या रोपणांच्या किमतींना मर्यादा घातली आणि कोबाल्ट-क्रोमियमचा सर्रास वापरला जाणारा सांधा, कर वगळता, ५४,७२० रुपयांवर आला. त्याच्या आदल्या वर्षी गोव्यात दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजना सुरू झाली होती व तिच्यात तिघांपर्यंतच्या कुटुंबाला अडीच लाखांचे, मोठ्या कुटुंबाला चार लाखांचे वार्षिक संरक्षण ठरले होते. पेडणे आणि डिचोलीतील अनेक घरांच्या दृष्टीने गुडघा बदलणे तेव्हा प्रथमच विचार करण्याजोगे झाले. मात्र आदेशाचा विषय रोपण हा होता. जखम ज्याने मिटते तो धागा, पिना किंवा गोंद त्यात आला नाही आणि आज रुग्णाला जाचणारे बरेचसे प्रश्न त्या न मोजलेल्या बाजूचे आहेत.

त्याआधीचा इतिहास थोडक्यात आटोपता येतो. पणजीत १८४२ साली स्थापन झालेल्या वैद्यकीय शाळेपासून आजच्या बांबोळीच्या महाविद्यालयापर्यंतच्या प्रवासाचा बराच भाग जगभरच्या शस्त्रक्रियेप्रमाणेच रेशीम आणि कॅटगट, म्हणजे जनावरांच्या आतड्यापासून वळलेली तात, यांचा काळ होता. न्यूयॉर्कमध्ये जॉन इन्सॉल यांच्या पथकाने आधुनिक पद्धतीचा संपूर्ण गुडघा पहिल्यांदा बसवला तो १९७४ साली, आणि पॉलिग्लॅक्टिन हा विरघळणारा कृत्रिम धागा बाजारात आला तोही त्याच वर्षी.

गुडघ्याची जखम थरांनी मिटते. खोल थरात सांध्याचे वेष्टण व वाटीलगतची पटले घट्ट, पाणी न झिरपेल अशी शिवावी लागतात, मधल्या थरात चरबी जोडली जाते आणि वर त्वचा येते. वाटीवरची त्वचा पातळ असून व्यायामासाठी पहिल्या-दुसऱ्या दिवसापासून गुडघा वाकवावा लागत असल्याने प्रत्येक हालचालीचा ताण टाक्यांवर पडतो. म्हणून धाग्याची ताकद किती दिवस टिकते हा प्रश्न कळीचा ठरतो. पॉलिग्लॅक्टिनची निम्मी ताकद सुमारे तीन आठवड्यांत ओसरते आणि धागा ५६ ते ७० दिवसांत विरतो, तर एकपदरी पॉलिडायॉक्सानोन जवळपास सहा महिने शरीरात राहतो. विणलेल्या धाग्याच्या पेडांमध्ये जंतूंना आसरा मिळतो, एकपदरी धाग्यात तो कमी मिळतो.

सर्वाधिक रेंगाळावे असे दशक २००६ ते २०१७ च्या आसपासचे आहे, कारण याच काळात पिनांचे, म्हणजे धातूच्या स्टेपलचे, समर्थन घड्याळाच्या काट्यावर झाले. २००६ साली १८७ रुग्णांच्या एका चाचणीत टाके, पिना आणि त्वचेचा गोंद यांची तुलना झाली. गोंदाने पहिल्या २४ तासांतील स्राव कमी राहिला, पण गुडघ्याच्या जखमेत तो लांबण्याकडे कल दिसला. २०१० साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमधील सहा अभ्यासांच्या, ६८३ जखमांच्या एकत्रित आढाव्यात अस्थिशस्त्रक्रियेनंतर पिनांमुळे जखमेतील संसर्गाचा धोका टाक्यांच्या तिपटीहून अधिक आढळला. त्यात फरक प्रामुख्याने खुब्याच्या जखमांमुळे होता आणि मूळ अभ्यासांचा दर्जा सामान्य होता, हे खरे आहे. परंतु पिनांचा कैवार घेणाऱ्यांनी या त्रुटी मोठ्याने सांगितल्या आणि वाचलेल्या मिनिटांची तितकीच कसून तपासणी कधी केली नाही. शस्त्रक्रियागृहातील ती मिनिटे रुग्णाच्या पुढच्या दोन आठवड्यांतून वसूल होतात, हे हिशेबात धरलेच गेले नाही.

त्याच दशकात काटेरी धागा आला. त्याच्या अंगावरील बारीक खाचा ऊतीत रुतून बसत असल्याने गाठीची गरज राहत नाही. खोल थरात तो वेळ वाचवतो, हे मान्य झाले आहे. त्वचेलगतच्या थरात मात्र काहींनी जखमेच्या तक्रारी वाढल्याचे नोंदवले. जंतुनाशक ट्रायक्लोसनचा लेप असलेल्या धाग्याची जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ मध्ये सौम्य शिफारस केली, पण २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या, खुबा व गुडघा बदललेल्या २,५४६ रुग्णांच्या चाचणीत त्याचा फायदा दिसला नाही. महाग धाग्याचा अर्थ सुरक्षित धागा असा होत नाही, हा त्यातला धडा होता आणि तोच सर्वांत लवकर विसरला गेला.

आता गोंदाची जाळीदार पट्टी हा नवा आग्रह आहे. टाके काढायला यावे लागत नाही, ही तिची जमेची बाजू खरी आहे. परंतु त्वचेखालून एकपदरी विरघळणाऱ्या धाग्याने केलेली शिवणही तेच साधते, फक्त ती शिवणाऱ्या हाताकडून सराव आणि धीर मागते. घाईच्या शस्त्रक्रियागृहात तो हात मागे पडत चालला, ही या मागोव्यातील खरी हानी आहे. पेडण्याच्या टोकाच्या गावातील किंवा डिचोलीच्या खाणपट्ट्यातील वृद्धेला पिना काढण्यासाठी बांबोळीची वा म्हापशाची वाट धरावी लागते, तीही न वाकणाऱ्या गुडघ्याने आणि पावसाळ्यात ओल्या पट्टीनिशी. ठोक दराच्या व्यवस्थेत हा खर्च कोणाच्याच खात्यावर पडत नाही, म्हणून तो कोणाला दिसत नाही. रोपणाची किंमत जाहीर करता येत असेल, तर जखम कशाने मिटवली, टाके कुठे निघणार आणि सहा आठवड्यांनी तिची स्थिती काय होती, या तीन गोष्टी रुग्णाच्या कागदावर लिहिणे अशक्य नाही. तेवढे होईपर्यंत २०१७ च्या सुधारणेला अर्धी सुधारणाच म्हणावे लागेल.