घरात मांजर, गॅलरीत कण्हेर

कुत्र्याचं पिल्लू किंवा मांजर घरी आलं की बागेची हौस असलेल्यांच्या हाती कुठूनतरी ‘प्राण्यांना विषारी झाडां’ची यादी पडते. त्यात मनी प्लांट, कोरफड, शेवंती, कण्हेर, सागो पाम, लिली सगळी एकाच रांगेत उभी असतात. ती वाचून काही जण घाबरून कुंड्या वाटून टाकतात. बाकीचे म्हणतात, मनी प्लांट तर आमच्याकडे वर्षानुवर्षं आहे, कुणाला काही झालं नाही. आणि यादीच बाजूला सारतात. दुसरी प्रतिक्रिया जास्त धोक्याची आहे, कारण मनी प्लांटबरोबर लिलीचा इशाराही केराच्या टोपलीत जातो. म्हणून या झाडांची प्रत लावायला हवी. काही झाडं जीव घेतात, काही आजारी पाडतात आणि बरीचशी फक्त तोंड पोळवतात. पहिल्या प्रकारातली आपल्याकडे हाताच्या बोटांवर मोजता येतील इतकीच आहेत. ती घरात नकोतच. उरलेल्यांची जागा बदलली तरी बहुतेक वेळा भागतं.

तोंड पोळवणारी झाडं मराठी घरांना नवी नाहीत. अळू नीट शिजलं नाही तर घसा का खाजतो, हे स्वयंपाकघरात सगळ्यांना माहीत असतं. पानात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात आणि ते तोंडाच्या नाजूक त्वचेत घुसतात. मनी प्लांट, मॉन्स्टेरा, फिलोडेंड्रॉन, डिफेनबेकिया ही सगळी अळूचीच भावंडं. पान चावलं की कुत्रं लाळ गाळतं, पंजाने तोंड घासतं, एखादी ओकारी होते. आग होते म्हणूनच ते सहसा दुसरा घास घेत नाही. डिफेनबेकियाने मात्र कधी घसा इतका सुजतो की श्वासाला अडचण होते, त्यामुळे तिच्याबाबत जास्त काळजी घ्यावी. कोरफडीच्या सालीलगतच्या पिवळ्या चिकाने उलट्या-जुलाब होतात. ही झाडं शिंकाळ्यात टांगली किंवा दार बंद होणाऱ्या गॅलरीत ठेवली तर कुत्र्यापासून सुरक्षित राहतात. उंच फळी हा मांजरासाठी मात्र अडसर नाहीच.

जीव घेणाऱ्यांमध्ये सगळ्यात जास्त फसवणारी लिली, आणि ती बहुतेकदा बागेतून नव्हे, पुष्पगुच्छातून घरात येते. खऱ्या लिलीची पानं, पाकळ्या, परागकण, फुलदाणीतलं पाणीसुद्धा मांजराची मूत्रपिंडं निकामी करतं. अंगावर पडलेले पराग चाटून साफ करणंही पुरेसं होतं. नेमकं कोणतं रसायन हे करतं, ते अजून ओळखता आलेलं नाही. आधी उलट्या होतात, मग मांजर थोडं सावरल्यासारखं दिसतं, घरचे निर्धास्त होतात, आणि एक ते तीन दिवसांत मूत्रपिंडं बंद पडतात. पहिल्या काही तासांतच शिरेतून सलाइन सुरू झालं तर वाचण्याची आशा चांगली असते. कुत्र्याला याच लिलीने सहसा पोट बिघडण्यापलीकडे काही होत नाही. कुत्र्यांसाठी कर्दनकाळ आहे तो सागो पाम. बंगल्यांच्या फाटकाशी दिसणाऱ्या या झाडात सायकॅसिन असतं, ते यकृत नासवतं, आणि एक-दोन बियाही कुत्र्याच्या जिवावर बेतू शकतात. कण्हेर आणि पिवळी कण्हेर, म्हणजे बिट्टी, यांतली द्रव्यं हृदयरोगावरच्या डिजॉक्सिनच्या जातकुळीची. थोड्या पानांनीही ठोके बिघडतात. एरंडाच्या आणि गुंजेच्या चावलेल्या बिया यांच्याच पंक्तीतल्या.

‘जनावराला कळतं काय खायचं ते,’ हा यावरचा नेहमीचा आक्षेप. त्यात थोडं तथ्य आहे: ताज्या कण्हेरीला गुरं तोंड लावत नाहीत, म्हणूनच ती महामार्गांच्या दुभाजकांवर तग धरते. पण छाटलेली फांदी सुकली की कडवटपणा कमी होतो, विष मात्र तसंच राहतं, आणि तीच गुरं ती खाऊन दगावतात. पावसाने ताण दिलेल्या कोवळ्या ज्वारीच्या किराळाने जनावरं मरतात, हे शेतकऱ्यांना पिढ्यानपिढ्या माहीत आहे. आयुष्यभर चारा खाणाऱ्या प्राण्यालाही ते ओळखता येत नसेल, तर फ्लॅटमध्ये वाढलेल्या मांसाहारी मांजराकडून ती अपेक्षा कशी करायची? शिवाय मांजराच्या यकृतात अनेक रसायनं निष्प्रभ करणारी यंत्रणा जन्मतःच कमकुवत असते. तरी ते पानं चावतंच. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस शाखेतले पशुवैद्य बेंजामिन हार्ट आणि सहकाऱ्यांनी मांजरं पाळणाऱ्यांची पाहणी केली, तेव्हा गवत-पानं खाणं हे बहुसंख्य निरोगी मांजरांचं नित्याचं वागणं असल्याचं दिसलं. आतड्यातले जंत बाहेर टाकण्याची ही पूर्वजांकडून आलेली खोड असावी, असा त्यांचा तर्क आहे. ती खोड ओरडून मोडत नाही. त्यापेक्षा पसरट कुंडीत गहू पेरून ते कोवळं गवत मांजरासमोर ठेवावं. ज्वारी मात्र पेरू नये.

दुसरा आक्षेप श्रद्धेचा आणि औषधाचा आहे, आणि तो हलक्याने घेण्यासारखा नाही. कण्हेर, रुई, धोत्रा ही पूजेतली झाडं. पानफुटी मुतखड्यावर घेतात. सदाफुली तर दारोदारी असते. पण माणसाच्या औषधात असणं ही प्राण्याच्या सुरक्षिततेची हमी कधीच नव्हती. सदाफुलीतून मिळणारं व्हिंक्रिस्टिन कर्करोगावर चालतं, रस्त्यावरच्या कुत्र्यांना होणाऱ्या गाठींवर पशुवैद्यही तेच टोचतात. ते मोजून दिलं म्हणून औषध ठरतं. पानफुटी आणि तिच्याच कुळातली शोभेची कॅलँचो यांतही हृदयावर परिणाम करणारी द्रव्यं असतात. यासाठी पूजा सोडायला कुणीच सांगत नाही. फुलं विकत आणावीत किंवा झाड कुंपणाबाहेर असावं, आणि निर्माल्य प्राण्याच्या तोंडी लागेल असं उघड्यावर ठेवू नये. कण्हेर अंगणात जुनी असेल तर छाटणीचा पालापाचोळा त्याच दिवशी उचलावा.

मग लावायचं काय? भरपूर काही. मोगरा, जाई, जुई आणि गुलाब निर्धास्त लावावेत. गुलाबाचे काटे टोचतील तेवढेच. जरबेरा, ऑर्किड, आफ्रिकन व्हायोलेट, कॅलेथिया, स्पायडर प्लांट, अंगणात जागा असेल तर केळ, स्वयंपाकासाठी कोथिंबीर आणि सब्जा. कांद्याची पात आणि लसूण मात्र खिडकीत नकोत, त्यांनी तांबड्या रक्तपेशी फुटतात आणि मांजराला त्याचा जास्त त्रास होतो. खरेदीच्या वेळी दुकानातल्या नावावर विसंबू नये. अरेका पाम निर्धोक आहे, सागो पाम मुळात पामच नाही. बोस्टन फर्न चालतो, अॅस्परॅगस फर्न हा फर्न नव्हे आणि त्याची फळं त्रास देतात. मोगऱ्याशेजारी सुगंधासाठी म्हणून रातराणी लावली जाते, ती वेगळ्याच, धोत्र्याच्या कुळातली आणि विषारी आहे. रोपवाटिकेने कुंडीवर शास्त्रीय नाव लिहावं, हा आग्रह ग्राहकांनी धरायलाच हवा.

झाडं निवडताना माती विसरली जाते. हाडांच्या चुऱ्याचा वास कुत्र्याला ओढून आणतो. त्याने तो भरपूर खाल्ला तर आतड्यात गोळा अडकू शकतो. एरंडीच्या पेंडीवर उष्णतेची पुरेशी प्रक्रिया झालेली नसेल तर तिच्यात रिसिन उरतं. कुंडीत टाकायचं फोरेट हे दाणेदार कीटकनाशक तर २०२० अखेर देशात बंद झालं; जुना साठा कुणाकडे असेल तर तो प्राण्यांच्या घरात क्षणभरही राहू नये.

परदेशी संस्थांच्या याद्या तिकडच्या बागांसाठी केलेल्या असतात. बिट्टी, रुई, कळलावी यांना त्यांत क्वचितच न्याय मिळतो. परळचं मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय १८८६पासून उभं आहे. अशा संस्थांनी आपल्या झाडांची प्रतवार मराठी यादी काढून दवाखान्यांत लावली, तर ती कितीतरी जीव वाचवेल. तोवर प्राण्याने काही खाल्लंच, तर मीठपाणी पाजून उलटी काढण्याचा घरगुती उपाय करू नये, त्या मिठानेच जीव जाऊ शकतो. लक्षणांची वाट न पाहता लगेच दवाखाना गाठावा, आणि चावलेल्या झाडाची फांदी पिशवीत घालून बरोबर न्यावी. डॉक्टरांना उपचार ठरवायला सगळ्यात आधी तीच लागते.